आधी घोडा, मग गरम पाणी

गणपतींचं विसर्जन आणि घटस्थापना यांच्या मधला पंधरवडा अमेरिकेतल्या मराठी बाईला जवळजवळ फुकट मिळतो. मंडळाचे कार्यक्रम नसतात, कुणाकडे डोहाळजेवण नसतं, मुलांच्या शाळा एव्हाना रुळलेल्या असतात. पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत हे खरं. चार मैत्रिणींनी नवरे-मुलं घरी ठेवून डोंगरात जाणं शुभकार्यात मोडतं का, यावर आमच्या ग्रुपवर थोडा काथ्याकूट झाला. शेवटी पुण्याहून येणाऱ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनीच "जा गं, त्यात काय एवढं" म्हणून निकाल लावला. कोलोरॅडोतली अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात तीही बहुतेक वर्षी याच सुमारास, सप्टेंबरच्या दुसऱ्या निम्म्यात.

मी डेन्वरला राहते, त्यामुळे आखणी माझ्या गळ्यात पडली. बाकीच्या तिघी म्हणजे एक न्यू जर्सीतल्या एडिसनची, एक बे एरियातली (माहेर संगमेश्वर) आणि एक पुणेकरीण. ग्रुपवर पहिल्याच रात्री जी यादी जमली तिच्यात स्टीमबोट, अ‍ॅस्पेन, युरे, पगोसा, टेल्युराइड, ग्लेनवुड सगळं होतं. नकाशावर ही गावं एकमेकींना खेटून दिसतात. पण मधे दहा-बारा हजार फुटांच्या खिंडी आहेत, आणि साठ मैलांना दोन तास लागले तर आश्चर्य वाटून घ्यायचं नाही. मी निम्मी यादी उडवली. थोडा वेळ सगळ्या रुसल्या.

आखणी करताना सुरुवात रँचपासून (म्हणजे पाहुणे ठेवून घेणारी, घोड्यावर बसायला शिकवणारी गुराघोड्यांची वाडी) करावी, हे माझं ठाम मत आहे. हॉटेलं आणि गरम पाण्याची कुंडं आपल्या तारखांशी जुळवून घेतात, रँच घेत नाही. जून ते ऑगस्ट बरेचसे रँच अख्ख्या आठवड्याचंच बुकिंग घेतात, रविवारी या आणि पुढच्या शनिवार-रविवारी जा. सप्टेंबर उजाडला, मुलं शाळेत गेली, की मग तीन-चार रात्रींचं बुकिंग मिळायला लागतं. फक्त मोठ्या माणसांसाठीचे आठवडे असतात, आणि काही ठिकाणी तर फक्त बायकांचेही. त्या तारखा आधी पक्क्या कराव्यात आणि मग दोन्ही बाजूंना गावं जोडत जावं. गरम पाण्याची गावं मात्र रँचच्या नंतर ठेवायची. का, ते घोड्यावरून उतरल्यावर मांड्याच सांगतात.

पाहुणे ठेवण्याचा हा धंदा जुना आहे. १८८०च्या दशकात डाकोटात ईटन नावाच्या भावांच्या रँचवर पूर्वेकडचे मित्र येऊन इतके दिवस मुक्काम ठोकायला लागले, की शेवटी राहण्या-जेवण्याचे पैसे घेणं सुरू झालं. १९२६मध्ये अशा रँचवाल्यांनी आपली संघटनाही काढली. आज काही रँचवर खरोखर गुरं हाकायला नेतात, काही ठिकाणी रँच नुसता नावाला आणि बाकी स्पा. आम्हाला मधलं काहीतरी हवं होतं. फोन करून विचारायचे प्रश्न साधे असतात. दिवसाकाठी घोड्यावर किती तास? सगळे एकामागोमाग रांगेतच चालतात की येईल तिला दुडक्या चालीनं जाऊ देतात? बाथरूम केबिनमध्ये आहे ना? आणि टिप बिलात धरलीय का, कारण पंधरा-वीस टक्के टिप द्यायचा रिवाज आहे आणि शेवटच्या दिवशी तो आकडा अंगावर येतो. दर माणशी असतो. जेवण, घोडा, शिकवणं सगळं त्यातच.

बुकिंग झालं की एक फॉर्म येतो. त्यात उंची, वजन आणि घोडेस्वारीचा पूर्वानुभव विचारलेला असतो. वजनाला कारण आहे, त्यावर घोडा आणि खोगीर ठरतं आणि बहुतेक ठिकाणी वजनाची वरची मर्यादाही असते. "सगळ्यांचे फॉर्म मी एकत्र भरते" असं मी ग्रुपवर लिहिलं आणि दोन दिवस ग्रुप चिडीचूप. मग प्रत्येकीनं आपापला फॉर्म परस्पर पाठवला. अनुभवाच्या रकान्यात पुणेकरणीनं "माथेरान" लिहिलं होतं, हे नंतर कळलं.

पहिली रात्र डेन्वरला, माझ्याच घरी काढली. डेन्वर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच, ५,२८० फूट. एडिसनहून आलेल्या माणसाला थेट आठ-नऊ हजार फुटांवर नेलं की डोकं धरतं, झोप लागत नाही. भरपूर पाणी प्यायचं आणि वाइनचा पहिला ग्लास दोन ग्लासांइतका चढतो हे ध्यानात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी २८५ नंबरच्या रस्त्यानं निघालो आणि दहा हजार फुटांवरच्या केनोशा खिंडीत थांबलो. तिथे अ‍ॅस्पेन बघायला अख्खं डेन्वर लोटलेलं असतं, गाडी लावायला जागा नाही. पण डोंगराचा एक पट्टा एकदम पिवळा आणि शेजारचा अजून हिरवा, हे दृश्य चुकवण्यासारखं नाही. एका मुळातून शेकडो खोडं फुटतात आणि ती सगळी एकदम रंग बदलतात, म्हणून असे सरळ तुकडे पडतात. मागच्या सीटवरून "अगं हे बघ" असा ओरडा आला म्हणून वळून पाहिलं, तर झाडं नाही, चिवड्याची पिशवी. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे ती फुग्यासारखी टम्म झाली होती.

वाटेत माउंट प्रिन्स्टनची कुंडं लागतात. चॉक क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्या काठी जमिनीतून कढत पाणी झिरपतं, आणि लोक दगड रचून त्यात ओढ्याचं गार पाणी हवं तेवढं सोडतात. मी आधी जाऊन आले आहे, जागा अतिशय सुंदर. तरी या वेळी मी गाडी थांबवली नाही. उंचीवरचा पहिला दिवस, त्यात गरम पाण्यात बसणं, म्हणजे चक्कर यायला आमंत्रणच. तिघींनी मला हेडमास्तरीण म्हटलं. म्हणू देत.

मोनार्क खिंड (११,३१२ फूट) उतरून गनिसनच्या बाजूला आमचा रँच होता. लाकडी केबिन, समोर कुरण, सकाळी गवतावर हिव. उजाडताना रँचवरच्या मुली रात्रभर चरायला सोडलेले सगळे घोडे हाकत तबेल्याकडे आणतात. चाळीस-पन्नास घोडे धूळ उडवत येतात तेव्हा पायाखालची फळी हलते. आम्ही शाली गुंडाळून, चहाचे मग धरून कुंपणाशी उभ्या. चहा मात्र बेतास बात. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पावडर कितीही टाका, कडकपणा येत नाही.

आम्हाला शिकवायला पंचविशीतली एक मुलगी होती. बोलणं मोजून मापून. तिनं माझ्या घोड्याचा पट्टा आवळला, खोगीर हलवून पाहिलं, आणि मग नुसतीच उभी राहिली. दोन-चार मिनिटांनी परत आली आणि पट्टा आणखी दोन भोकं पुढे ओढला. म्हणाली, हा घोडा पट्टा बांधताना मुद्दाम छाती फुगवतो, श्वास सोडला की मग खरं माप कळतं. माझ्या घोड्यानं कान मागे पाडले, पण पकडला गेला होता. लगाम एका हातात, टाचा खाली, वळायचं असेल तर दोर मानेला नुसता टेकवायचा. उतारावर मागे रेलायचं, चढावर पुढे. माथेरानवालीला सगळ्यांत आधी जमलं, कारण घोड्यावर भरवसा टाकून गप्प बसायचं एवढं तिला ठाऊक होतं. एडिसनवालीचा घोडा दर दहा पावलांवर गवताला तोंड लावायचा. ती त्याला मराठीत दटावत होती आणि तिसऱ्या दिवशी तो ऐकायला लागला असा तिचा दावा आहे.

जीन्सच्या आत सायकलिंगची चड्डी घाला. शिवणीनं मांड्या सोलवटतात. टाच असलेले बूट हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. एवढं सांगून पुढे जाते.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. शाकाहारी आहोत असं नुसतं कळवून भागत नाही. सुपात कोंबडीचं पाणी आणि राजम्यात डुकराची चरबी हे तिकडे "मांस" धरतातच असं नाही. मी महिनाभर आधी ईमेलमध्ये एकेक पदार्थ लिहून विचारलं आणि आचारीणबाईंनी ते मनावर घेतलं. भाजलेल्या बटाट्यावर आमची शेंगदाण्याची चटणी त्यांनाही रुचली. पण खरी अडचण वेगळीच होती. जेवण झालं की चौघींपैकी कुणीतरी उठून ताटल्या गोळा करायला लागायची. आचारीणबाई दोनदा हसल्या, तिसऱ्यांदा त्यांनी एडिसनवालीच्या हातातून ताटली काढून घेतली आणि तिला खांद्याला धरून बाहेर शेकोटीपाशी नेऊन बसवलं. वर्षानुवर्षं आमच्या "बायकांच्या ट्रिप" म्हणजे किचन असलेलं एअरबीएनबी, बरोबर कुकर, आणि पहाटे उठून कुणीतरी पोहे भिजवतंय असं चाललं होतं. रँच महाग आहे, पण तो पैसा मला घोड्यापेक्षाही या स्वयंपाकघराच्या बंद दारासाठी द्यावासा वाटतो.

तिथून पश्चिमेला मॉन्ट्रोज. गावाच्या दक्षिणेला, युरेच्या रस्त्यावरच, यूट या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात चिपेटाची कबर. ज्याच्या नावानं युरे गाव आहे, त्या यूट प्रमुखाची ही पत्नी. १८७९च्या संघर्षात यूटांनी ओलीस धरलेल्या गोऱ्या स्त्रिया आणि मुलं सुटली, तेव्हा त्यांना हिच्या घरी आसरा मिळाला. पुढच्या वर्षी तिचा नवरा वारला, आणि १८८१मध्ये तिच्यासकट तिच्या लोकांना सैन्यानं हाकलून यूटा राज्याच्या ओसाड मुलखात नेलं. ती तिथेच राहिली, १९२४मध्ये गेली. दुसऱ्या वर्षी तिला पुन्हा इथे आणून पुरलं. ज्या पाण्यात आपण पैसे मोजून बसतो ती सगळी कुंडं आधी या लोकांची. संग्रहालयाला तासभर ठेवाच. आम्ही गाडीत परत बसलो आणि बराच वेळ कुणी गाणी लावली नाहीत.

युरे हजारभर वस्तीचं, ७,८०० फुटांवर, तिन्ही बाजूंनी सरळ उभ्या कड्यांनी वेढलेलं. सार्वजनिक कुंड १९२७पासूनचं आहे, पाण्याला गंधकाचा वास नाही, आणि वेगवेगळ्या ऊनपणाचे भाग केलेत. रँचवरून आलेल्या मांड्यांना सगळ्यांत गरम भागात नेऊन बसवलं तेव्हा चौघींच्या तोंडून एकदम "आई गं" निघालं. संगमेश्वरवालीला तुरळ-राजवाडीची कुंडं आठवली. तिची आजी तिथे तांब्या घेऊन जायची, अंग चोळून निघायचं आणि घरी यायचं, नुसतं बसून राहायला कुणाला वेळ होता! पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळच आहे. खाली ज्वालामुखी नाही, तिथेही नाही आणि इथेही. पाऊस-बर्फाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं.

पोहण्याच्या कपड्यांबद्दल आधी चौकशी करा. युरेला ते घालावेच लागतात. जवळच्याच रिजवेतल्या ऑर्व्हिस कुंडांवर ते ऐच्छिक आहेत. ही माहिती मी ग्रुपवर टाकल्यावर जे इमोजी आले ते इथे देत नाही.

युरेहून सिल्व्हर्टनला जाणारा "मिलियन डॉलर हायवे" अर्ध्या दिवसात होतो. रेड माउंटन खिंड ११,०१८ फूट, आणि कड्याच्या बाजूला बराचसा कठडाच नाही. जाताना आपण दरीकडच्या बाजूनं असतो, येताना डोंगराकडच्या. भित्र्या माणसाला जाताना डाव्या सीटवर बसवा.

शेवटचा मुक्काम ग्लेनवुड स्प्रिंग्ज. १८८८चा तलाव, लांबी १२० मीटरच्या वर, मूळ झऱ्याचं पाणी ५० अंशांचं. छोटा तलाव ४० अंशांवर ठेवतात, मोठा पोहता येईल इतपत कोमट. युरेची शांतता इथे नाही, मुलं, आजोबा, कॉलेजची पोरं सगळा गोतावळा असतो, आणि गंधकाचा वासही येतो. चांदी काढून ठेवा. पुणेकरणीची जोडवी निघेनात म्हणून तशीच राहिली, संध्याकाळपर्यंत काळीठिक्कर. चांदी आणि गंधकाची ती जुनी दोस्ती. हॉटेलच्या खोलीत बेसिनमध्ये फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घेऊन तिचा पाय त्यात बुडवून बसवला, वीसेक मिनिटांत बरीच उजळली.

बे एरियावालीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून ती डेन्वरला रेल्वेनं आली. ग्लेनवुडचं स्टेशन तलावासमोरच, नदी ओलांडली की लागतं. गाडी कोलोरॅडो नदीच्या घळींतून जाते आणि १९२८च्या मॉफॅट बोगद्यातून, दहा किलोमीटर डोंगराच्या पोटातून, पलीकडे निघते. ज्यांना घाटात गाडी चालवायची नाही त्यांनी रँच सोडून नुसतं डेन्वर-ग्लेनवुड रेल्वेनं केलं तरी छान होईल. फक्त परतीची गाडी आदल्या दिवशी सकाळी कॅलिफोर्नियातून निघालेली असते आणि उशिरा पोचू शकते, तेव्हा त्याच संध्याकाळचं विमान धरू नका, एक रात्र डेन्वरला ठेवा. रँचचं बुकिंग जानेवारीत करा.