रबरी कपलिंग काढून नवे ड्राइव्हशाफ्ट बसवताना

माझ्या रेसकारच्या मागच्या दोन्ही ड्राइव्हशाफ्टना, म्हणजे डिफरन्शियलकडून (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीकडून) चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांना, आत-बाहेर मिळून चार रबरी कपलिंग होत्या. १९६२ साली आलेल्या लोटस एलानमध्येही हीच रचना होती. सहा बोल्टांपैकी एकाआड एक तीन बोल्ट एका फ्लँजमध्ये (टोकाच्या चपट्या जोडचकतीत), उरलेले तीन दुसऱ्या फ्लँजमध्ये, आणि दोहोंना जोडणारे फक्त रबर. एका सरावानंतर गाडी जॅकवर घेतली तेव्हा डावीकडच्या बाहेरच्या कपलिंगभोवती काळा भुगा दिसला. गिअर टाकून चाक हाताने दाबून फिरवले, तशी बोल्टच्या बुशीलगत अंगठ्याचे नख आत शिरेल एवढी भेग उघडली आणि हात सोडताच मिटली. नुसते वरवर पाहिले असते तर ती मला दिसलीच नसती. अशी कपलिंग वेगात तुटली, तर मोकळा झालेला शाफ्ट ब्रेकच्या नळ्यांना आणि चासीला झोडपत सुटतो, म्हणून त्या दिवशीचे पुढचे सत्र मी सोडून दिले.

पहिला विचार जाड शाफ्टचा आला, पण आधी हिशेब मांडला. इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३ आणि डिफरन्शियलमधले अंतिम गुणोत्तर ४ धरले, तर मागे १,८०० न्यूटन-मीटर पोचतात, म्हणजे प्रत्येक शाफ्टवर ९००. चाकावर २५० किलोंचा भार, घर्षणांक १.२ आणि टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर धरल्यास टायर साधारण ८५० न्यूटन-मीटरला घसरू लागतो. म्हणजे शाफ्टची खरी कसोटी शर्यत सुरू होताना क्लच झटक्यात सोडला जातो त्या क्षणी लागते. दांड्याचा व्यास २५ वरून २८ मिलिमीटर केला, तर ताकद व्यासाच्या घनाने, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, पण पीळ न खाण्याचा ताठरपणा चौथ्या घाताने, म्हणजे ५७ टक्क्यांनी वाढतो. रबर जाणार असल्याने थोडा पीळ आता पोलादालाच खायचा होता. म्हणून मी व्यास २५ च ठेवला, अधिक चांगले उष्णता-संस्कार केलेले मिश्र पोलाद निवडले आणि दांड्याचा मधला भाग स्प्लाइनच्या (टोकाला कोरलेल्या लांबट दातांच्या) बुडाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक ठेवायला सांगितला, म्हणजे पीळ संपूर्ण लांबीवर पसरतो आणि स्प्लाइन जिथे संपते त्या नाजूक जागी साचून राहत नाही.

कपलिंगचा प्रश्न याहून अवघड होता, कारण रबर एकाच वेळी तीन कामे करत होते. सस्पेन्शनबरोबर बदलणारा कोन ते सोसत होते, शाफ्टच्या लांबीतला फरक सामावून घेत होते आणि झटके पचवत होते. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरू शकणारा फुलीचा सांधा) आणि सरकती स्प्लाइन हा पर्याय मजबूत आहे, पण टॉर्कखाली स्प्लाइन घट्ट धरून बसते, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की नेमके तेव्हाच सस्पेन्शन आखडते. शिवाय १० अंशांच्या कोनात असा एक जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग सुमारे दीड टक्का वर-खाली करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक (जॉइंटचे दुबेळके) एका रेषेत असतील तरच तो फरक फिटतो, आणि माझ्या गाडीत कोन सारखे राहत नव्हते. म्हणून मी बाहेरच्या टोकाला स्थिर आणि आतल्या टोकाला सरकता सीव्ही जॉइंट (कोनातही वेग एकसारखा ठेवणारा सांधा) घेतला.

शाफ्टची लांबी ठरवण्यासाठी स्प्रिंग काढून सस्पेन्शन तळापासून वरपर्यंत दहा-दहा मिलिमीटरने उचलत गेलो आणि प्रत्येक टप्प्यावर फ्लँजमधले अंतर टिपले. सर्वांत कमी अंतर कोणत्याही टोकाला न येता मधेच आले. फक्त दोन टोके मोजून शाफ्ट बनवला असता, तर तो मधल्या स्थितीत जॉइंटच्या तळाला टेकून डिफरन्शियलच्या बेअरिंगवर दाब देत राहिला असता. चाक पूर्ण लोंबकळल्यावरचा कोन सरकत्या जॉइंटला झेपणारा नव्हता, त्यामुळे चाक तितके खाली जाऊ न देणारा रोखपट्टा तिथे लावला.

जुन्या फ्लँजवर नवे जॉइंट बसवण्यासाठी मधल्या चकत्या करून घेतल्या, पण पहिल्या जोडीची मध्यकड (चकती केंद्रात बसवणारी उठावाची कड) फ्लँजच्या खाचेत सैल बसत होती. डायल गेज लावून फिरवल्यावर काटा हलताना स्पष्ट दिसला. बोल्टांनी केंद्र साधायचे नसते, ते काम मध्यकडेचे आहे, म्हणून ती जोडी परत केली आणि दुसऱ्या जोडीचे माप स्वतः उभे राहून तपासून घेतले.

बोल्ट सैल झाला तर कळावे म्हणून प्रत्येकावर रंगाची रेघ मारली होती. पहिल्या सत्रानंतर दोन बोल्टांवरच्या रेघा सरकलेल्या होत्या. कारण माझ्याच हातून घडले होते. जॉइंट भरताना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस फ्लँजच्या तोंडावर आणि आट्यांवर आले होते आणि मी ते नुसते कापडाने पुसले होते. ग्रीस लागलेल्या फ्लँजमध्ये पकड राहत नाही, टॉर्क रेंचचा आकडा कितीही बरोबर असो. चोवीसही बोल्ट काढले, प्रत्येक पृष्ठभाग द्रावकाने धुतला, नवे बोल्ट घातले आणि पुन्हा रेघा मारल्या.

झटके पचवण्याचे तिसरे काम मात्र अजून कोणाकडेच नव्हते. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की डिफरन्शियलमधून खट्ट असा कोरडा आवाज येई. रबर इतके दिवस किती सोसत होते, हे मला तेव्हा नीट उमगले. मधोमध स्प्रिंग असलेली क्लच प्लेट बसवल्यावर तो आवाज बराच मंदावला, तरी डिफरन्शियलमधला प्ले (दातांमधली मोकळी हालचाल) मी आता प्रत्येक शर्यतीनंतर मोजून लिहून ठेवतो.

त्यानंतरच्या दोन शर्यतींत चोवीसही रेघा जागच्या जागी राहिल्या. फक्त डावीकडच्या आतल्या जॉइंटचा बूट (ग्रीस आत राखणारे रबरी आवरण) एक्झॉस्टच्या बाजूने कडक पडू लागला आहे, म्हणून पुढच्या सत्राआधी त्या दोहोंच्या मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवतो आहे.