आमची वाटचाल : दुधाच्या कूलरपासून ब्रुअरीच्या ग्लायकॉलपर्यंत

कोल्हापुरात थंडाव्याचं काम म्हणजे आधी दूध. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपची सुरुवातही संकलन केंद्रांवरच्या बल्क कूलरच्या दुरुस्तीनेच झाली. पुढे छोट्या ब्रुअरींची कामं येऊ लागली. दूध ४ अंशांवर आणलं की तिथेच राखायचं असतं. बिअर आंबताना स्वतः तापते, आणि शेवटी ती २० अंशांवरून २ वर उतरवायची असते. हजार लिटरला चोवीस तासांत हे करायला जेमतेम ०.८५ किलोवॅट लागतात, पण अशा चार टाक्या एकाच दिवशी उतरवल्या की एक टनाचा भार झाला (टन म्हणजे थंडाव्याचं माप, साधारण ३.५ किलोवॅट). हा थंडावा चिलर ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यातून टाक्यांपर्यंत पोचवतो; ग्लायकॉलमुळे ते पाणी शून्याखालीही गोठत नाही. त्यात ७ अंशांच्या पाण्यावर मोजलेला चिलर उणे ४ वर साधारण एकतृतीयांश क्षमता गमावतो. पाटीवरचे टन पाहून चिलर घेऊ नये, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तरीही ‘चिलर थंड करत नाही’ अशी तक्रार आली की आम्ही कॉम्प्रेसरला हात लावण्याआधी ग्लायकॉल तपासतो. तपासायला प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या मापाचाच रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून मिश्रणाचं प्रमाण सांगणारं उपकरण) हवा; ब्रिक्सचा, म्हणजे साखरेच्या मापाचा, आकडा म्हणजे ग्लायकॉलचे टक्के नव्हेत. गळती झाली की लोक ग्लायकॉलच्या टाकीत नळाचं पाणी ओततात आणि ३५ टक्क्यांचं मिश्रण २० वर येतं. ते गोठतं उणे ७-८ ला. बाहेर पडणारा ग्लायकॉल उणे ३ दाखवतो म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण चिलरमधल्या ज्या धातूच्या प्लेटमधून उष्णता जाते, तिच्या पलीकडे थंड करणारा गॅस उणे ९-१० ला उकळत असतो. प्लेटवर बर्फ धरतो, प्रवाह घटतो, शेवटी प्लेट फुटते आणि पाणी थेट कॉम्प्रेसरमध्ये जातं. पाचशे लिटरच्या टाकीला १७५ लिटर फूड ग्रेड, इनहिबिटर (गंजरोधक) असलेला प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ३२५ लिटर आरओचं पाणी, हे आमचं प्रमाण. चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नये. थंडीत द्रव दाटतो आणि पंप दमतो. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड ३०४ स्टीलच्या जॅकेटला (बिअरच्या टाकीभोवतीच्या, ग्लायकॉल फिरणाऱ्या कवचाला) खड्डे पाडतं. गाडीचा कूलंट तर अजिबात नको. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतो, आणि जॅकेटला सुईएवढं भोक पडलं तरी तो बिअरमध्ये उतरू शकतो.

जुन्या लाइनला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप असेल तर तो काढतोच. जस्त इनहिबिटरशी भिडतं आणि त्याचा गाळ स्ट्रेनरमध्ये साचतो. हेडरच्या (मुख्य पाईपच्या) टोकाला बायपास घालतो, म्हणजे टाक्यांचे सगळे सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह बंद झाले तरी पंप कोंडत नाही. जॅकेटमध्ये ग्लायकॉल खालून आत, वरून बाहेर. नाहीतर हवा अडकते. बरीच जॅकेटं एका बारच्या आसपासचीच असतात, म्हणून दाब पाहिल्याशिवाय पंप निवडत नाही.

इन्सुलेशन २५ मिलिमीटर नायट्राइल रबर, सांधे चिकटवलेले, व्हॉल्व्हसुद्धा झाकलेले. इथल्या पावसाळ्यात एक उघडा सांधा ठिबकत राहतो.

काम सोपवताना ३५ टक्क्यांच्या तयार मिश्रणाचा एक कॅन टाकीशेजारी ठेवतो आणि नळाची नळी तिथून काढून टाकतो.