लेपाच्या ओतीव गोळ्या आणि नळीतलं शिसं: सातव्या फेरीपर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की शिशाच्या ओतीव गोळ्यांना पावडर कोटिंग (पावडर लावून ओव्हनमध्ये भाजलेला लेप) केलं की नळीत शिसं साठायची कटकट संपली. ते वाक्य मागे घेतो. .308 विंचेस्टरच्या बोल्ट रायफलमधून लाल लेपाच्या चाळीस गोळ्या झाडल्या. पहिल्या वीस तळहाताखाली झाकल्या जातील अशा बसल्या, पुढच्या वीस कागदभर विखुरल्या. नळीत तिरका उजेड टाकून पाहिलं तर थ्रोटपासून (काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढचा भाग) पुढे चार-पाच इंच, रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांमधल्या) उंचवट्यांना धरून करड्या रेघा. नळी पुसायचा पॅच (कापडाचा तुकडा) बाहेर आला तो चंदेरी कपच्या घेऊनच.

शिसं कुठे बसलंय यावरून बरंच कळतं. मेण लावलेल्या गोळीचं शिसं तोंडाकडे साठलं तर बहुधा मेण वाटेत संपलेलं असतं. थ्रोटच्या लगेच पुढे साठलं तर गोळी बारीक आहे आणि तिच्या बाजूने गरम वायू निसटतोय, किंवा तिथलं पोलाद खरबरीत आहे. माझं प्रकरण उघड उघड थ्रोटचं होतं. तरीही मी तीन फेऱ्या लेपालाच झोडपत बसलो.

सामान असं: जुन्या चाकांच्या वजनांचं शिसं, त्यात दोन टक्के कथील, हवेतच निवू दिलेलं, कडकपणा साधारण 12 ब्रिनेल. साचा 165 ग्रेनचा, गॅस चेकचा (गोळीच्या बुडाला बसणारी धातूची छोटी टोपी). नळीतून मऊ शुद्ध शिशाचा तुकडा तेल लावून गजाने ढकलला होता, खाचांचा व्यास .308 इंच आणि वर दोन दशांश थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). गोळ्या .310 ला साइझ केलेल्या (डायमधून दाबून त्या व्यासाच्या केलेल्या). म्हणजे जवळपास दोन थाऊ जास्त. कागदावर सगळं चोख.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीआधी ओव्हनमागे लागलो, आणि तिथेही चोर सापडला, फक्त छोटा. डायल 200 अंश म्हणत होती, आत ठेवलेला वेगळा थर्मामीटर 180 च्या आसपास. शिवाय मी वीस मिनिटं दार लावल्यापासून मोजत होतो. ती गोळ्या तापल्यापासून मोजायची असतात, आणि ट्रेभर शिसं तापायला वेळ घेतं. लेप अर्धकच्चा होता. हातोड्याने गोळी चपटी केली की लेप पापुद्र्यासारखा सुटायचा. तापमान आणि वेळ सुधारल्यावर गोळी चपटी होऊन नाण्याएवढी झाली तरी लेप अंगाला चिकटून. ॲसिटोनच्या बोळ्यालाही रंग उतरेना. (हा ओव्हन फक्त गोळ्यांचा. त्यात पुन्हा खाण्याची वस्तू जाणार नाही, हे लिहायला लागू नये, पण लिहितो.)

गोळ्या साच्यातून थेट पाण्यात टाकून कडक करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: 200 अंशांवर वीस मिनिटं भाजल्यावर तो कडकपणा बराचसा उतरतो. हवाच असेल तर ओव्हनमधून काढल्याबरोबर पाण्यात टाका. मी त्या भानगडीत पडलो नाही. नीट बसलेल्या लेपाखाली 12 ब्रिनेल मला पुरलं.

चौथ्या फेरीत पक्का भाजलेला लेप होता. शिसं कमी झालं, पण गेलं नाही. इथे मी पुरता वैतागलो आणि साचाच बदलायला निघालो होतो.

वाचवलं ते एका निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीने. भरलेल्या काडतुसांच्या तोंडाशी लाल रंगाची बारीक कात निघालेली होती, नखाने ओढली तर सुटणारी. आधी वाटलं, लेपाची जादा पावडर असेल. मग काडतुसं हातोड्याच्या पुलरमध्ये (आपटून गोळी सोडवायचं हत्यार) घालून पाच गोळ्या बाहेर काढल्या (पुलरच्या तळाशी फोमचा कानातला बोळा टाकला, म्हणजे नाक चेपत नाही) आणि बुडाकडे मायक्रोमीटर लावला. .310 ची गोळी .308 झालेली! एक तर त्याहूनही किंचित खाली. शिवाय एका बाजूने लेप खरवडून उघडं शिसं दिसत होतं.

म्हणजे मी गोळी साइझ करत होतो .310 ला, आणि मागोमाग माझी केसच (काडतुसाची पितळी खोळ) तिला परत .308 ला साइझ करत होती. साध्या डायचा एक्स्पँडर (केसची मान आतून रुंदावणारा भाग) जाकिटवाल्या गोळ्यांसाठी असतो, माझा .3065 भरला. तांब्याच्या जाकिटाला एवढ्या आवळ मानेचं काही वाटत नाही. मऊ शिसं मात्र पितळापुढे मुकाट्याने दबतं. नळीला आपण साइझ केलेली गोळी कधी भेटतच नाही, केसच्या मानेतून जी सुटते ती भेटते. पुलर माझ्याकडे सहा वर्षं पडून आहे. पहिल्याच दिवशी वापरला असता तर तीन फेऱ्यांचं शिसं आणि चिडचिड वाचली असती.

उपाय साधा निघाला. दोन पायऱ्यांचा एक्स्पँडर घेतला, लायमनच्या एम डायच्या धर्तीचा: खालचा भाग .309, वरची पायरी त्याहून दोन-तीन थाऊ जाड. त्यामुळे गोळीचं बूड तोंडात अलगद उभं राहतं आणि कड लेप खरवडत नाही. तोंडाची आतली धारही काढून टाकली. गोळी बसवल्यावर पसरलेलं तोंड जेमतेम सरळ करायचं, क्रिंप (तोंड गोळीवर दाबून बसवणं) आवळायचा नाही. पुन्हा पाच ओढून काढल्या: .3095 ते .310.

जाड गोळी म्हणजे भरलेल्या काडतुसाची मानही जाड, हे मात्र तपासाच. चेंबरमध्ये मानेला पसरायला जागा उरली नाही तर दाब धोकादायक चढतो. माझ्या झाडलेल्या केसच्या मानेचा बाहेरचा व्यास .343, भरलेल्याचा .340. तीन थाऊ मोकळे, ठीक. लेप नाकावरही चढतो, त्यामुळे बोल्ट जड लागला तर गोळी थोडी आत बसवावी लागते. त्याला मर्यादा आहे: .308 ची मान मुळात आखूड, तीन दशांश इंचाची, आणि गॅस चेक मानेच्या खाली लोंबू द्यायला मला आवडत नाही. लांब मानेची .30-30 वापरणाऱ्यांचा हेवा वाटतो तो इथे.

गॅस चेकचा क्रम: आधी लेप, मग चेक, मग साइझ. लेपाने बूड जाडावतं आणि चेक चढायला कुरकुरतो, म्हणून पावडरचा थर पातळ ठेवतो. गोळ्या हाताने नाही, चिमट्याने मांडतो. बोटांचं तेल लागलं की तिथे टाचणीएवढी भोकं राहतात.

नव्याने सुरुवात करण्याआधी नळी पार साफ केली. प्रथम तांबं, अमोनियाच्या द्रावणाने, पॅचवर निळं यायचं थांबेपर्यंत, कारण जाकिटांचं तांबं राहिलं की शिसं त्यावर पटकन धरतं. मग जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून शिसं काढलं. घासणी चुंबकाला चिकटत असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी आहे, नळीत घालू नका. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचा काढा कुणी सुचवला तर त्याच्याही वाटेला जाऊ नका: शिसं विरघळतं खरं, पण त्यातून विषारी लेड ॲसिटेट होतं आणि पोलादही खाल्लं जातं.

पाचवी फेरी, वीस गोळ्या: नळी स्वच्छ. सहावी, चाळीस: स्वच्छ. सातवी, मध्ये न पुसता साठ: पॅचवर काजळी, दोन जागी लालसर पुसट डाग, कपची एकही नाही. शेवटच्या दहा गोळ्या पहिल्या दहांपेक्षा जास्त विखुरल्या नाहीत.

आठव्या फेरीत त्याच गोळ्या गॅस चेकशिवाय, कमी वेगाने. वीसच नेणार आहे, आणि त्यातल्या दोन आधी ओढून मोजणार.