बेगमपुऱ्याकडे निघालेले जोड : आमची वाटचाल

कोल्हापुरात जवाहरनगरला आमचं काम चालतं. वर घर, खाली कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, दोन शिलाई मशीन, भिंतीला लाकडी फर्म्यांची, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यांची, मांडणी आणि आठ माणसं, त्यात पाच बायका. आम्ही हातानं स्नीकर बनवतो. आजोबा आणि आबा दोघांनी जन्मभर कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, चप्पल बनवली. त्यांच्याच रापी आणि आरीवर माझं काम सुरू झालं.

चप्पल सोडून हे कशाला, असं अजूनही विचारतात. चप्पल सोडलेली नाही, आबा आजही बनवतात. पण आमच्याच गल्लीतली पोरं दिवसभर चामडं कापायची आणि पगार झाला की परदेशी कंपनीच्या नावाचा नकली बूट घ्यायची. कोल्हापुरी पायात यायची ती लग्नात नाहीतर शिवजयंतीला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जगाला वहाणा घातल्या, त्यांच्या पोरांना रोज घालावंसं वाटेल असं आपलं काही नव्हतं. ते मला करायचं होतं.

दुसरं कारण जुनं आहे. वहाणेचा आणि जातीचा संबंध आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आजी सांगायची, वाड्यासमोरून जाताना आपल्या माणसांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या. वाड्यातल्या माणसाच्या पायातली वहाणही आपल्याच हातची असायची. म्हणून मी बूट काढणार तर तो नुसता नक्षीचा नको, त्यानं काहीतरी म्हटलं पाहिजे, हे पहिल्यापासून पक्कं होतं.

म्हणायचं कसं, हा मोठा प्रश्न. सुरुवातीला बरेच जण सांगायचे, बाजूला बाबासाहेबांचं चित्र घ्या, संविधानाची उद्देशिका छापा, अशोकचक्र घ्या. टी-शर्टवर चालतं, बुटावर का नाही? नाही चालत. आपल्याकडे ज्याला मान द्यायचा त्याच्या पाया पडतात, त्याला पायात घेत नाहीत. शाहू महाराजांचा फोटो चिखलात जाईल असा जोड मी कितीही पैशाला बनवणार नाही. तेव्हा ठरलं की बुटावर चेहरा नाही, अक्षर नाही, चिन्ह नाही. रंग, टाका आणि चामडं यांतूनच काय ते सांगायचं. या बंधनानंच आमचं डिझाइन घडवलं असं मी मानते.

पहिला जोड महाडचा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. हक्क कागदावर आला होता, तळ्यापर्यंत चालत जायचं बाकी होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्यायली. बुटावर काढायला याच्याइतकी योग्य गोष्ट दुसरी कुठली? या जोडाच्या टाचेपाशी निळ्या दोऱ्याचा एक बारीक गोल आहे. त्याच्या भोवती दुसरा, मग तिसरा, असे वाढत वाढत ते पंजापर्यंत येतात. ओंजळ पाण्यात घातल्यावर उठतात तसे तरंग. गोधडीचा धावदोराच आहे हा. मशीनवर घातला तर टाके एकसारखे येतात आणि पाणी थिजल्यासारखं दिसतं, म्हणून हातानंच घालतो. एका बाजूला अख्खी सकाळ जाते.

दुसरा ‘सत्यसुधारक’. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं, त्याचं हे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेत. हा जोड आम्ही रंगवतच नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं मुळात फिकट असतं, घालाल तसं ते चहासारखं गडद होत जातं. लोक विचारतात रंग गेला का, तेव्हा मी गंगारामांची गोष्ट सांगते. मग तेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी जोडाचा फोटो पाठवतं, बघा केवढा मुरलाय म्हणून.

आणि तिसरा, माझ्या जवळचा, ‘बेगमपुरा’. संत रोहिदास आमच्या धंद्यातले. चामड्याचं काम करता करता त्यांनी एका गावाचं स्वप्न मांडलं. तिथं दुःख नाही, कर नाही, धास्ती नाही, कुणी वरचा खालचा नाही, आणि माणसं मनाला येईल तिथं फिरतात, त्यांना कुणी अडवत नाही. पाचशे वर्षांपूर्वी एका चर्मकारानं मागितलेला हा हक्क आहे, कुठंही चालण्याचा. या जोडाला धनगरी घोंगडीची काळी पट्टी आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा लावतो. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या हातांचं काम एकाच बुटात येतं.

ऐकायला सोपं वाटेल, पण चपलेचं चामडं बुटाला सहज वळत नाही. चप्पल सपाट असते. स्नीकरचं अपर, म्हणजे वरचं चामडं, फर्म्यावर ओढून पंजाला गोल बसवावं लागतं, आणि म्हशीचं जाड चामडं तिथं सुरकुत्या धरतं नाहीतर तडकतं. शेवटी टाचेला आणि बाजूला म्हशीचं, पंजाला शेळीचं असा मेळ बसला. चामडं रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं आणि सकाळी ओढायचं, ही आबांची युक्ती. तळ रबराचा, तो आग्र्याहून येतो. कडेची शिलाई मात्र मेण लावलेल्या दोऱ्यानं इथंच होते. घोंगडी पायाला टोचते, म्हणून आतला तळवा लोकर दाबून केला. तो घाम छान ओढतो.

चामडं मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि बैलाचं कातडं बाजारातून गेलं. म्हशीच्या कातड्यावर बंदी नाही, तरी गाडीवाले भाडं घ्यायला घाबरतात. त्यांना बोल लावता येत नाही, रस्त्यावर कोण अडवेल याचा नेम नसतो. बरंचसं शेळीचं चामडं आम्ही चेन्नईकडून मागवतो.

बुटाला आम्ही ‘कोल्हापुरी’ म्हणत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चपलेला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांच्या. ते नाव चपलेचंच राहावं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोत तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचं नाव नव्हतं, तेव्हा आमच्या गल्लीत जो संताप झाला तो मी पाहिलाय. टीका झाल्यावर त्या कंपनीनं मूळ मान्य केलं. पण मूळ म्हणजे नुसतं शहर नव्हे. चपलेची चामड्याची वेणी गुंफणाऱ्या बाईचं नाव आपल्याकडच्या तरी कुठल्या दुकानात दिसतं?

म्हणून प्रत्येक जोडाबरोबर कारागिराचं नाव द्यायचं ठरवलं. मला ते बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला छापायचं होतं. आयुष्यभर वेण्या गुंफलेल्या आमच्या मावशी म्हणाल्या, “माझं नाव पायात नको गं, खोक्यावर घाल. मोठ्ठं घाल.” तसंच केलं. चपलेच्या धंद्यात जोडामागे मजुरी असते आणि पावसाळ्यात हात रिकामे. आम्ही महिन्याचा पगार देतो, बारा महिने. त्यामुळे जोड महाग पडतो, वर अडीच हजारांपुढच्या पादत्राणाला १८ टक्के जीएसटी. भाव करणाऱ्यांना मी हा हिशेब तसाच सांगते आणि बरेच जण ऐकून घेतात.

सगळ्यात जास्त मागणी १४ एप्रिलच्या आधी येते, नागपूर, पुणे, मुंबईहून आणि परदेशात जयंती करणाऱ्या आपल्या मंडळींकडून. आता लहान मुलांच्या मापाचे फर्मे कोरायला दिलेत. शाळेत चालेल असा साधा काळा बूट, आतून निळा. पहिली खेप जूनच्या आत, शाळा उघडायच्या वेळेला काढायची आहे.