ते मीठ खरं होतं का?

अकोल्याकडच्या मिठाच्या सत्याग्रहावरची माझी अठरा मिनिटांची फिल्म संपून दिवे लागले की पहिला हात वर होतो तो बहुतेक वेळा याच प्रश्नासाठी. "शेवटी ओंजळीत दिसतं ते मीठ खरं आहे का हो?" पुण्यामुंबईकडचे लोक त्याच्या मागोमाग आणखी एक विचारतात, "पण अकोल्यात मीठ? समुद्र कुठंय तिकडे?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नव्हता, पण खारपाणपट्टा होता. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा असा हा पट्टा पसरलाय. जमीन काळीभोर आणि तिच्या पोटातलं पाणी खारट. विहिरीचं पाणी शेंदायचं, कढईत आटवायचं, की मोडला कायदा. पुढे जुलैत पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. तो जंगल सत्याग्रह बऱ्याच जणांना माहीत असतो. मिठाचं मी स्वतः अकोल्याचा असून तिशीपर्यंत ऐकलं नव्हतं.

आता मिठाकडे येतो.

माझा हट्ट होता की मीठ तिथल्याच विहिरीचं निघालं पाहिजे. पैसे नव्हते, तेव्हा हट्ट तरी असावा. शूटिंग खारपाणपट्ट्यातल्याच एका खेड्यात, एप्रिलमध्ये. कढई बिछायत केंद्रातून भाड्यानं आणली. तिच्या कडेला ऑइलपेंटनं मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला. त्यावर चिखल आणि काजळी फासून 1930 साल आणलं. जळण म्हणून पऱ्हाट्या. कापूस निघाल्यावर शेतात उरलेली ही वाळकी झाडं भसकन पेटतात नि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे एक माणूस सतत चुलीत पऱ्हाट्या सारत बसलेला. तो माझा आतेभाऊ. फिल्ममध्ये तो हवालदारही आहे. खाकी चड्डी घालून चूल सांभाळायचा आणि "ॲक्शन" म्हटलं की उठून सत्याग्रह्यांना पकडायचा.

सकाळी सातला कढई चढवली. समुद्राच्या एका लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार निघतात. आमच्या विहिरीची कुठली तेवढी ऐपत. दोन पिंपं पाणी ओतून झालं. दुपारी दोनला, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, कढईच्या तळाला एक पापुद्रा दिसला. मळकट, पिवळसर. उलथन्यानं खरवडला, जिभेवर ठेवला. खारट होता, पण मागून धुण्याच्या सोड्यासारखा कडवटपणा यायचा. त्यातच लांब कुठंतरी लग्नाचा डीजे सुरू झाला आणि दिवसभराचा आवाज गेला. पुढे सगळे संवाद एका मित्राच्या खोलीत, गाद्या भिंतीला लावून, परत बोलून घेतले.

विहिरीशेजारच्या घरातली आजी सकाळपासून ओट्यावर बसून हा तमाशा पाहत होती. ती उठून आली.

"काहून रे बाप्पा, काय करून राह्यले?"

मी सांगितलं. गांधीजी, इंग्रज, मिठावरचा कर, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"या पान्यात तुरीची दाळ शिजत नाही. पिऊ पिऊ आमच्या घरच्याचे मुतखडे झाले. अन् तू त्याचं मीठ करून फोटो काढतं?"

मग तिनं पापुद्र्याचा एक कण उचलून जिभेला लावला, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "हाव, आमच्याच विहिरीचं हाय."

हे फिल्ममध्ये नाही. कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. नसती तरी तेव्हा मी ते घेतलं असतं का, सांगता येत नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त ओंजळीचा क्लोजअप होता. हे पाणी तेव्हा लोकांना प्यायला लागत होतं आणि ज्या दिवशी नळ येत नाहीत त्या दिवशी आजही वापरावं लागतं, हे माझ्या पटकथेत कुठंच नव्हतं. पटकथेत पाणी आटवलं की स्वातंत्र्य निघत होतं.

तर, मीठ खरं होतं का? कढईतलं खरं. खरवडताना दिसतं ते खरं. ओंजळीतलं किराण्याच्या दुकानातलं. खरा पापुद्रा कॅमेऱ्यात घेतला तर हातात माती घेतल्यासारखा दिसायचा, उन्हात चमकायचा नाही. फिल्ममध्ये सत्याग्रहाच्या मिठाचा लिलाव होतो, त्या प्रसंगातल्या पुड्यांतही दुकानातलंच जाडं मीठ आहे. पण त्या प्रसंगात गावातला एक म्हातारा मध्येच उठून "चार आणे!" असं ओरडतो, ते खरं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

फिल्म तयार झाल्यावर पहिल्यांदा त्याच गावात दाखवली, मारुतीच्या पारासमोर, पांढरी चादर बांधून. आजी पुढच्याच रांगेत होती. ती चाखणार नव्हती, नुसती बघणार होती, तरी मला धाकधूक. चौदाव्या मिनिटाला मागून कुणीतरी हाक दिली, "नळ आले वो!" चौऱ्याऐंशी खेडी योजनेचं पाणी आठ दिवसांनी आलं होतं. एका मिनिटात बायांच्या रांगा रिकाम्या झाल्या. आजी गुडघ्यावर हात टेकत उठली, पोराला म्हणाली, "पान्याचा गुंड घे रे," आणि चादरीवर पडलेल्या उजेडातून वाकून पलीकडे गेली. ओंजळीचा क्लोजअप तिनं पाहिलाच नाही. मला बरंच वाटलं.