क्रंकची टाळी आणि देम्बोवचा स्नेअर

शनिवार, रात्र

पिटबुलचा 'एम.आय.ए.एम.आय.' आज सलग लावला. शब्द बाजूला ठेवले, फक्त ड्रम ऐकले. ऑगस्ट २००४ चा हा अल्बम, टीव्हीटी रेकॉर्ड्सचा. पिटबुल हा रॅपर मायामीचा, घर क्यूबन. पाठीशी अटलांटाचा लिल जॉन, म्हणजे क्रंकचा (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आरडाओरड्याच्या क्लब-रॅपचा) सगळ्यात मोठा आवाज. त्याच्या २००२ च्या 'किंग्ज ऑफ क्रंक'वर पिटबुल आधीच येऊन गेला होता. अमेरिकेतलं दक्षिणी रॅप आणि लॅटिन क्लब यांचं मिश्रण, अशी या अल्बमची ओळख करून देतात. पण ऐकताना जाणवतं की दक्षिणी रॅपची टाळी आणि देम्बोव (रेगेटोनचा ठेका) हे दोन ठेके नुसते एकावर एक ठेवले तर जमतच नाहीत.

कारण साधं आहे. ४/४ च्या एका बारच्या (चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या) १६ स्टेप्स मांडून पाहाव्यात. देम्बोवमध्ये किक (खालचा जड ठोका) १, ५, ९, १३ वर आणि स्नेअर (वरचा तीक्ष्ण ठोका) ४, ७, १२, १५ वर. किक-स्नेअर मिळून अर्ध्या बारमध्ये ३+३+२ असं वजन पडतं. केरव्याच्या आठ मात्रा मोजायची सवय असलेल्याला हे वजन लगेच हाताशी येईल. दक्षिणी रॅपची टाळी मात्र ५ आणि १३ वर. म्हणजे देम्बोवचा ४ वरचा स्नेअर वाजला की लगेच पुढच्याच स्टेपवर टाळी. ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ ठोके) एक स्टेप साधारण १५६ मिलिसेकंदांची. एवढ्या अंतरावरचे दोन तीक्ष्ण आवाज एक जोड म्हणून ऐकू येत नाहीत, वाजवणारा अडखळल्यासारखे वाटतात. १३ वर तेच, १२ च्या स्नेअरला खेटून. घरी बीट करणारे बहुतेक जण इथे आवाज कमी-जास्त करत बसतात. दोष आवाजाचा नाहीच, जागेचा आहे. टाळी दोन्हीकडून काढायची आणि बारमध्ये एकदाच, ९ वर ठेवायची. ७ आणि १२ च्या मधली ती मोकळी जागा आहे. ठेका अर्ध्या चालीत जड वाटतो आणि कंबर हलवणारा स्नेअरही शाबूत राहतो.

अल्बममधल्या 'कूलो' या गाण्यात तर वेगळीच वाट धरली आहे. खाली वाजतो तो जमैकाचा 'कूली डान्स' रिडिम (अनेक गाण्यांखाली वापरला जाणारा तयार ठेका), स्काटा बरेलचा. त्याच वर्षीचं नीना स्कायचं 'मूव्ह या बॉडी'ही याच रिडिमवर आहे. क्रंक त्यात ड्रममधून येतच नाही, लिल जॉनच्या आरोळ्यांमधून येतो. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो: ठेका एकाचा, अंगावर येणारा जोर दुसऱ्याचा. आणि देम्बोव तरी कुठला? शब्बा रँक्सच्या १९९० च्या 'डेम बो'पासून आलेला, पुन्हा जमैकाच. हवाना, पोर्तो रिको, अटलांटा अशी नावं घेताना किंग्स्टन राहून जातं, याचं वाईट वाटतं.

आता खालचा बास. दक्षिणी रॅपला ८०८ (ड्रम मशीनचा खोल बास) लांब घुमणारा हवा, मायामीच्या बास संगीतालाही तोच. देम्बोवला मात्र दर चौथ्या स्टेपला किक लागते. ९६ बीपीएमला दोन किकमध्ये ६२५ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक किकवर लांब ८०८ ठेवला तर शेपट्या एकमेकींवर चढतात आणि तळ चिखल होतो. ८०८ फक्त १ आणि ९ वर ठेवावा. ५ आणि १३ वर कोरडी, आखूड किक, १०० मिलिसेकंदांच्या आत संपणारी. ती वाजताना साइडचेन (एक आवाज वाजला की दुसरा आपोआप दाबणारी जोडणी) लावून ८०८ सुमारे ६ डेसिबल खाली घ्यायचा आणि लगेच वर सोडायचा. ८०८ गाण्याच्या स्वरात लावलेला हवाच. खालचा एफ ४४ हर्ट्झच्या आसपास येतो. गाडीच्या डिकीतल्या सबवूफरवर तो छातीत बसतो, फोनवर ऐकूच येत नाही. म्हणून त्याची एक प्रत घ्यावी, तिला सॅच्युरेशन (वरचे स्वर वाढवणारी हलकी खरखर) द्यावं आणि २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून ती मूळ आवाजाखाली हलकी मिसळावी.

गाणाऱ्याच्या आवाजाचंही तसंच. स्पॅनिशचे स्वर उघडे, अक्षरं जवळपास सारख्या लांबीची, त्यामुळे हूक (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ) ३+३+२ वर सहज बसतो. इंग्रजी कडव्यात आघाताची अक्षरं १, ५, ९, १३ वर टाकली की दक्षिणी ढब येते. हूकलाही तसंच सरळ बसवलं तर लॅटिनपणा तिथल्या तिथे जातो.

अल्बमची काही गाणी सरळ रस्त्यावरचं दक्षिणी रॅप आहेत, त्यांत क्लब नाही. ती मला कमी धरून ठेवतात.

क्रंकची ७५ बीपीएमवर गायलेली ओळ ताणून ९६ वर आणू नये. वेग २८ टक्के वाढतो, व्यंजनं फाटतात. ४-५ टक्के खपून जातात, त्यापुढे नव्याने गाऊन घ्यावं.