तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस आले तर?

टोर म्हणजे नेटवर कोण काय बघतंय हे लपवणारं जाळं, आणि रिले म्हणजे त्यात माहिती पुढे ढकलणारं एकेक मशीन. परभणीत राहून असा रिले चालवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘अहो, तुमच्या मशीनमधून कोण काय नेतंय हे तुम्हाला तरी कळतं का? उद्या पोलीस दारात आले म्हणजे?’

नाही कळत. कळू नये अशीच रचना आहे. टोर वापरणाऱ्याची माहिती एरवी तीन रिलेंमधून जाते, वर एन्क्रिप्शनची, म्हणजे सांकेतिक कुलपांची, तीन आवरणं. प्रत्येक रिले फक्त आपलं आवरण उतरवतो. पहिल्याला कोणाचं कनेक्शन आलं ते दिसतं, चाललंय कुठे ते नाही. शेवटच्याला ठिकाण दिसतं, माणूस नाही. माझा मधला. त्याला मागचा रिले आणि पुढचा रिले ठाऊक, संपलं. स्क्रीनवर दोन आलेख सरकतात, आत आलेलं आणि बाहेर गेलेलं, दोन्ही जवळपास सारखे. जे आलं ते पुढे ढकललं.

तक्रार होते ती शेवटच्या रिलेची, कारण वेबसाइटला त्याचाच आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतो. तो घरच्या लाइनवर चालवू नका असं टोरवालेच सांगतात. मीही चालवत नाही. ठाण्यात बसून हवालदारसाहेबांना हे सगळं समजावून सांगायची हौस मला नाही.

चोरटे टोर वापरतात का? वापरतात, नाही कशाला म्हणू. पण हे तंत्र निघालं अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत, १९९० च्या दशकात. जाळं फक्त नौदलानं वापरलं असतं, तर त्यावर दिसेल तो नौदलाचाच, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ते सगळ्यांना खुलं करावं लागलं. २००२ पासून ते चालू आहे. लपायला गर्दी लागते, आणि तीही नाना तऱ्हेची. आमच्याकडे कुणी मेडिकलवरून काय नेलं ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. अशा गावातल्या पोरीला आपल्या दुखण्याबद्दल गुपचूप वाचायचं असेल, तर तीही त्या गर्दीतच. बरेचसे रिले जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्समध्ये. इकडे एखादा असला तर बिघडलं कुठे?

खरा ताप वेगळाच. केबलवाल्याच्या साध्या कनेक्शनवर स्वतःचा आयपी मिळत नाही, तो पैसे भरून घ्यावा लागला. मे महिन्यात मशीन भट्टीसारखं तापतं. लाइट गेली की रिले बंद, आणि असं वारंवार झालं की टोरकडून मिळालेला ‘स्टेबल’, म्हणजे भरवशाचा, हा शिक्का जातो. शिवाय रिलेंचे आयपी जाहीर यादीत असतात, आणि काही साइट ती अख्खी यादीच अडवतात, त्यामुळे एका बँकेची साइट घरून उघडेना. वडिलांनी त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात बीडला नेट बंद झालं, तेव्हा तिकडच्या एका दोस्तानं मला नंतर टोमणा मारला, ‘तुझं टोर कुठं गेलं होतं रे?’ अरे बाबा, साइट अडवली तर टोर वाट काढतं. नेटच नाही तर ते काय करणार?

आणि तुम्हाला करून बघायचंच असेल तर रिलेच्या भानगडीत लगेच पडू नका. ब्राउझरमध्ये ‘स्नोफ्लेक’ नावाचं एक्स्टेंशन टाका. वेगळा आयपी लागत नाही, मशीन रात्रंदिवस चालू ठेवावं लागत नाही. टोरवर बंदी असलेल्या देशातला कुणीतरी तुमच्या लाइनवरून टोरमध्ये शिरतो. बाहेर पडतो तो दुसरीकडूनच, तेव्हा पोलिसांचा प्रश्न तिथेही तुमच्याकडे येत नाही.